तिसऱ्या खांबाचे चार बोल्ट

रोही आडवा आलाच नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा घोळ त्या न आलेल्या रोह्यामुळे, म्हणजे नीलगाईमुळे, झाला.

मी हरिहर पाठक. अमरावतीत अंबागेटच्या आत राहतो. वय पासष्ट, धंदा भिक्षुकीचा. स्वभाव तापट आहे हे लोक सांगतात, मी ते मान्य करतो आणि मान्य करतानाही चिडतो. वैशाखात बार्शीटाकळीला एका यजमानाची वास्तुशांत होती. शाळेला सुट्टी, म्हणून माझी नऊ वर्षांची नात जुईली हट्ट करून गाडीत बसली. पूजा उरकली. उरकली हाच शब्द खरा; हल्ली यजमानांना घाई असते आणि मला त्यांच्याहून जास्त. मग पंगत बसली. पुरणपोळी, वर वाटीभर तूप, आणि यजमानीणबाईंचा आग्रह असा की नको म्हणणाऱ्याला लाज वाटावी. चार पोळ्यांनंतर मी नको म्हणालो आणि त्यानंतर दोन खाल्ल्या.

यजमान म्हणाले, "गुरुजी, घटकाभर पडा. ऊन उतरलं की निघा."

"मले काय झालं?" मी म्हणालो. "हा रस्ता माह्या पायाखालचा आहे."

अकोला गेलं, मूर्तिजापूर गेलं. बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि आत थंडगार हवा. जुईली मागे पट्टा लावून बसली होती. मला शेवटची आठवते ती एका रसवंतीची पाटी. त्यानंतर आठवतो तो आवाज.

डोळे उघडले तेव्हा गाडी पुलाच्या लोखंडी कठड्यात अडकलेली होती. डावं पुढचं चाक पुलाच्या बाहेर हवेत होतं. खाली कोरडा नाला आणि हांड्याएवढाले दगड. कठड्याचा पत्रा आमच्या वजनानं बाहेर फुगला होता, एक खांब चांगलाच वाकला होता, पण सुटला नव्हता. मागून जुईलीचं रडणं आलं आणि ते ऐकून मला इतका आनंद झाला की तसा आनंद मला तिच्या जन्माच्या दिवशीही झाला नव्हता. तिचा ओठ थोडा फाटला होता. माझ्या कपाळाला टेंगूळ. संपलं, एवढंच.

ढाब्यावरची चार माणसं धावत आली, आम्हाला उजव्या दारानं बाहेर काढलं, पाणी पाजलं. एकानं विचारलं, "काय झालं महाराज?"

आणि माझ्या तोंडातून निघालं, "रोही. रोही आडवा आला."

खोटं बोलायला मला एक क्षणही लागला नाही. त्या पट्ट्यात रोही फिरतातच, त्यामुळे सगळ्यांना पटलं. एकानं तर तो रोही नाल्याकडे पळताना स्वतः पाहिल्याचं सांगितलं. मी त्याच्याकडे बघतच राहिलो.

तेवढ्यात जुईली हाक मारू लागली. रडणं थांबवून ती त्या वाकलेल्या खांबाशी उकिडवी बसली होती. "आबाजी, हे बघा, नेलपॉलिश!"

पुलाच्या टोकापासून तो तिसरा खांब. त्याच्या बुडाशी जाड लोखंडी पाटी, आणि पाटीच्या चार कोपऱ्यांत चार बोल्ट, पुलाच्या सिमेंटात खोल गेलेले. प्रत्येक नटावरून पाटीवर उतरणारी एक बारीक रेघ होती, गडद गुलाबी, चमकणारी. तीन रेघा सरळ होत्या. चौथा बोल्ट दोन बोटं वर आला होता आणि त्याची रेघ तुटली होती. बाकीच्या तिघांनी आम्हा दोघांना धरून ठेवलं होतं.

घरी आल्यावर जो येईल तो म्हणे, देवाची कृपा. मुलगा केदार शाळेत मास्तर आहे, तो अभिषेकाचं बोलला. सून अदिती वकील आहे, देवाचं नाव ती कामापुरतंच घेते, पण तिनंही देवापाशी दिवा लावला आणि जुईलीला मांडीवरून तासभर उतरू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी माझा तोल गेला. मी म्हणालो, "देवाची कृपा असेलच, त्याच्याशी माझं रोजचं बोलणं आहे. पण तो काही पाना घेऊन पुलावर बसला नव्हता. तो नट कोण्या माणसानं आवळला. कृपा ज्यानं केली त्याचं नाव काढा की!"

"मग काढा तुम्ही," अदिती म्हणाली. "बाबा, पण रोही दिसला तेव्हा तुम्ही किती लांब होता हो?"

"लांब होतो. ब्रेक लावला ना मी," असं म्हणून मी संध्येला बसलो. ती माझी संध्येची वेळ नव्हती.

इथं माझी बाजू सांगतो, बाजू म्हणण्यासारखी नाही तरी. घरातली दोघं नोकरीधंद्याची. जुईलीला शाळेतून आणणं, तिला वाढणं, तिचे पाढे, तिची भांडणं, हे सगळं माझ्याकडे. ही गेल्यापासून माझ्या दिवसाला दुपार आहे ती त्या पोरीमुळे. पोर मागे बसलेली असताना म्हातारा स्टिअरिंगवर झोपला, हे कळल्यावर कोणती आई तिला पुन्हा माझ्या गाडीत बसवील? तिला गमावायची माझी तयारी नव्हती. म्हणून रोही.

गाडी गॅरेजमध्ये होती, मी एसटीनं मूर्तिजापूर गाठलं. गावाबाहेर रस्त्याच्या ठेकेदाराचा पत्र्याचा कॅम्प होता. टेबलामागे सागर नावाचा सुपरवायझर बसला होता.

"बोला काका. तक्रार काय हाये?"

"तक्रार नाही. आभार मानायचे आहेत."

त्यानं पेन खाली ठेवलं. "कोनाचे?"

"ज्यानं पुलावरचे बोल्ट बसवले त्याचे."

"कावून? काय झालं त्या बोल्टाले?"

"काही झालं नाही, म्हणूनच आलो."

त्याचा विश्वास बसेना. मी पत्रकार आहे का, वकिलाकडून आलो का, जमीन गेली का, सगळं विचारून झालं. शेवटी म्हणाला, "काका, आभाराचं रजिस्टर नाई आपल्याकडे. तक्रारीचं हाये. तुमी अर्ज लिहून द्या, मी त्याच्यातच चढवतो."

मी अर्ज लिहिला. आता अर्ज म्हटलं की माझी भाषा सोवळं नेसते. मी लिहिलं: "रोही आडवा आल्याकारणाने मी तात्काळ ब्रेक लावला व गाडी अत्यंत मंद वेगाने कठड्यास टेकली. एक बोल्ट वर आला तरी उर्वरित तीन बोल्टांनी आमचे प्राण रक्षिले. बोल्टांवर नखरंगाची सुबक रेघ आढळली. सदर कारागिराचा यथोचित सत्कार करण्याची माझी मनीषा आहे." खाली सही, वर शिक्का. सागरनं पोच दिली. मी खुशीत परतलो, येताना शाल आणि नारळ घेऊन ठेवला. आयुष्यभर दक्षिणा घेत आलेला माणूस पहिल्यांदा द्यायला निघाला होता.

आठ दिवसांनी शाल घेऊन गेलो तेव्हा सागर जागेवर नव्हता. संघपाल म्हणून एक कामगार पत्र्याच्या सावलीत ड्रिल मशीन पुसत बसला होता. मी कारागिराचं नाव विचारलं.

"रहमतुल्ला मिस्त्री," तो म्हणाला. मग माझ्या शेंडीकडे, शालीकडे पाहून म्हणाला, "तुमीच का ते अर्जवाले?"

"हो. कुठं आहेत ते?"

"घरी. तुमच्याच कागदानं घरी बसवलं त्याईले."

मला वाटलं हा चेष्टा करतोय. पण तो चेष्टा करत नव्हता. तक्रारीच्या रजिस्टरात गेलेला कागद तक्रार म्हणूनच वर गेला होता. वरच्या साहेबांनी तो दोनदा वाचला म्हणे. गाडी नुसती टेकली तरी बोल्ट दोन बोटं वर आला, म्हणजे काम कच्चं. त्यात बोल्टावर नेलपॉलिश, म्हणजे काम पोरखेळ. तीस वर्षं हे काम करणाऱ्या माणसाला एका दिवसात सांगितलं, इंजिनियर मॅडम येऊन तपासतील, तोवर पान्याला हात लावू नका.

"मी तर स्तुती केली होती!" मी ओरडलोच.

"असंन," संघपाल म्हणाला. "पन टेकली असं तुमीच लिहिलं ना?"

मी त्याच्याकडून पत्ता घेतला. रेल्वेच्या पलीकडं दोन खोल्यांचं घर होतं, दारात मेंदीचं झाड. रहमतुल्लाच्या बायकोनं, हमिदाबींनी, दार उघडलं. मी नाव सांगितलं. त्यांनी आत वळून हाक दिली, "अजी, वो आए हैं. अर्जीवाले पंडितजी." मग माझ्याकडे बघून मराठीत म्हणाल्या, "या, बसा. पानी प्या आधी. भांडन नंतर करीन तुमच्याशी."

रहमतुल्ला बाहेर आले. पंचावन्नच्या आसपासचे, किडकिडीत, एका कानात कापूस. मला वाटलं शिव्या खाव्या लागतील. त्यांनी पहिलं विचारलं ते, "पोरगी कशी हाये? ढाब्यावाले सांगत होते, व्हट फाटला म्हून. बरा झाला का तिचा?"

मी मान हलवली. मग काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "ते नेलपॉलिश कशाला, मिस्त्री?"

ते हसले. "शाइस्ताचं हाये. पोरगी माही, पार्लर चालवते. तिच्या उरलेल्या शिश्या मी आनतो. नट आवळला की त्याच्यावरून खाली रेघ मारायची. नट हलला की रेघ तुटते, चालता चालता दिसते. कंपनी पेन देते, पन आपल्या वऱ्हाडाच्या उन्हात त्या पेनाची रेघ महिन्यात उडून जाते. नेलपॉलिश दोन उन्हाळे जात नाई."

आणि मग मी न विचारता त्यांनी सगळं काम सांगितलं, एखाद्यानं पूजा सांगावी तसं. सिमेंटात ड्रिलनं भोक पाडायचं. पाडलं की आत सगळी भुकटी. पंपानं फुंकायची, ब्रशनं घासायची, पुन्हा फुंकायची. मग दुसऱ्यांदा घासायचं आणि पुन्हा फुंकायचं. त्यानंतरच आत केमिकल भरायचं आणि बोल्ट फिरवत फिरवत उतरवायचा. मग तो सुकेपर्यंत त्याला बोट लावायचं नाही. "लोक एकदा फुंकतात अन् भरतात. वरून सारखंच दिसते, पंडितजी. आत भुकटी राह्यली तं केमिकल भुकटीले धरते, सिमेंटाले नाई. मंग बोल्ट दिसाले उभा राहते, पन असते नावाले."

मी खाली पाहिलं. मीही मंत्र गाळतो, देवाच्या बारा नावांची तीन करतो, आणि वरून सारखंच दिसतं.

हमिदाबींनी चहा दिला. रहमतुल्लांनी कप हातात घेतला, पण प्यायले नाहीत. "एक गोष्ट मले समजून नाई राहिली," ते म्हणाले. "तुमी आले ते बरं झालं, तुमालेच इचारतो. गाडी टेकली म्हनता. टेकल्यानं माहा बोल्ट वर येतेच कसा? मी पुन्हा पुन्हा आठवतो. त्या दिवशी धूळ राह्यली का? केमिकल कमी पडलं का? त्या पुलावर माहे चाळीस खांब हाये. त्याच्या आधीच्या पुलावर साठ. नांदगाव खंडेश्वरच्या वळनावर, शेंदूरजनाघाटच्या रस्त्यावर... टेकल्यानं बोल्ट वर येत असंन तं ते सगळेच कच्चे हाये. मंग रोज तिथून जानाऱ्या लोकाईचं काय? नोकरी जाऊ द्या. पन मले जेवन जाऊन नाई राहिलं." त्यांनी कप खाली ठेवला. "खरं सांगा, गाडी किती जोरात होती?"

सांगायची जागा तीच होती. हमिदाबी दारात उभ्या होत्या, समोर तो माणूस हात जोडल्यासारखे हात मांडीवर ठेवून बसला होता. आणि मी म्हणालो, "असेल तीस. फार तर चाळीस."

"मंग माहीच चूक," ते म्हणाले.

शाल पिशवीतच राहिली. परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसलो. माझ्या पोरीचा जीव ज्यानं वाचवला, त्याच्या घरी त्याचा चहा पिऊन, मी त्याला त्याच्याच कामाबद्दल खोटं सांगून आलो होतो. स्वतःवर इतकं चिडायची मला सवय नाही. मी नेहमी दुसऱ्यावर चिडतो. बडनेरा येईपर्यंत कंडक्टरशी विनाकारण भांडण काढलं, तरी बरं वाटेना.

सागरचा फोन अदितीनं उचलला: गुरुवारी पुलावर तपासणी होती आणि माझा जबाब घ्यायचा होता. अदितीनं कोर्टाची तारीख दुसऱ्याला दिली. म्हणाली, "तुमच्या अर्जानं माणूस घरी बसलाय, बाबा. आता सही करायच्या आधी कागद मी वाचणार." सुट्टीच होती म्हणून जुईलीही आली. गॅरेजमधून आलेली गाडी अदिती चालवत होती. मला वाटेत तीनदा वाटलं की गाडी थांबवायला लावावी आणि तिला सांगावं. तीनदा मी बाहेर बघितलं.

सकाळचे नऊ, तरी पूल तापला होता. इंजिनियर पायल मॅडम हेल्मेट घालून तिसऱ्या खांबाशी वाकल्या होत्या. सागर फाइल घेऊन होता, संघपाल पाना घेऊन. रहमतुल्ला जरा लांब, कठड्याच्या टोकाशी उभे होते. पाहुण्यासारखे, हात मागे बांधून. मला बघून त्यांनी सलाम केला. तो सलाम मला थोबाडीत बसल्यासारखा लागला.

मॅडमनी माझा अर्ज वाचून दाखवला. "काका, हे बरोबर आहे ना? ब्रेक लावला, वेग मंद होता? तुम्ही सही केली की मी यांचं सगळं काम नापास करून नव्यानं करायला सांगणार. आणि मिस्त्रींना पुन्हा या कामावर घेता येणार नाही."

अदितीनं कागद घेतला, वाचला आणि पेन माझ्या हातात दिलं. मी पेन धरून उभा राहिलो. जुईली खांबाशी बसून त्या तीन रेघांवरून बोट फिरवत होती. रहमतुल्ला माझ्याकडे बघतच नव्हते. ते वर आलेल्या त्या चौथ्या बोल्टाकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, शरम होती. जी माझी होती ती त्यांच्या तोंडावर होती. ते मला बघवेना.

"रोही नव्हता," मी म्हणालो.

"काय?" मॅडम म्हणाल्या.

"रोही नव्हता. ब्रेक लावला नाही. सहा पुरणपोळ्या खाल्ल्या आणि स्टिअरिंगवर झोपलो. रसवंतीपाशी काटा ऐंशीवर होता, त्याच्यावर गेला असेल, खाली आला नसेल. गाडी टेकली नाही, आदळली. आणि मागे ही पोर होती." शेवटचं वाक्य मी अदितीकडे बघून बोललो. दुसरीकडे बघून ते बोलण्यात अर्थ नव्हता.

अदितीनं जुईलीचा हात धरला. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात जुईली म्हणाली, "मला माहीत होतं, आबाजी. तुम्ही घोरत होता. मी हाक मारली, पण तेवढ्यात ते झालं."

"अगं मग बोलली का नाहीस?" अदितीनं विचारलं.

"आबाजी रोही म्हणाले ना. मला वाटलं, त्यांना रागावतील."

एवढ्याशा पोरीनं माझं खोटं तीन आठवडे सांभाळलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलंही नाही.

इकडे रहमतुल्ला जवळ आले होते. "ऐंशी?" त्यांनी विचारलं. "ब्रेक न लावता?"

"ऐंशी, मिस्त्री. मले माफ करा."

त्यांनी माझं ऐकलंच नाही. ते खांबाशी खाली बसले, वाकलेल्या लोखंडावर हात ठेवला, पत्र्याचा फुगवटा चाचपला, मग तो चौथा बोल्ट. "ऐंशीत आख्खी गाडी येऊन आदळली, अन् चारातला एकच वर आला," ते स्वतःशीच म्हणाले. मग मॅडमकडे मान वर करून, "मॅडम, मंग तं यानं बराबर धरलं ना?"

"खांब वाकला तो गाडीचा जोर खाऊन वाकला, तो वाकायलाच असतो," मॅडम म्हणाल्या. "इतक्या जोरात तीन जागेवर राहिले म्हणजे काम पक्कं आहे. तरी तपासू." त्यांनी संघपालला पाना लावायला सांगितलं. ठरलेल्या जोराला टक् वाजणारा तो पाना. एकेक खांब, एकेक नट. रेघ असलेला प्रत्येक नट जागचा न हलता टक् म्हणत गेला. पुलाच्या दुसऱ्या बाजूचे खांब दुसऱ्या टोळीनं बसवले होते, तिथं रेघ नव्हती. तिथला तिसराच नट पाना लावताच गरकन फिरला. सागरनं फाइल मिटली.

मॅडम म्हणाल्या, "मिस्त्री, उद्यापासून या. आधी ती बाजू करा. आणि ती रेघ सगळीकडे मारा."

रहमतुल्ला उठले ते थेट माझ्यासमोर आले. मी मान खाली घालून उभा होतो. त्यांनी माझे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. हात लोखंडासारखे खरबरीत होते. "पंडितजी, शुक्रिया," ते म्हणाले.

"मले कशाले? मी तुमची नोकरी घालवली होती!"

"तीस वर्सं मी बोल्ट बसवून राहिलो. बसवला की निघालो पुढच्या गावाले. धरला का नाई धरला, कोनी कधी सांगाले येत नाई. तुटला की पोलीस येते, धरला की कोनी येत नाई. तुमी पयले आले." त्यांनी माझे हात सोडले नाहीत. "अन् आज खरं बोलले. आता मी घरी जाऊन जेवीन."

मी पिशवीतून शाल काढली. त्यांनी ती बघितली, वर सूर्याकडे बघितलं आणि मोठ्यानं हसले. "वैशाखात शाल? ठेवा तुमच्यापाशी. द्याचं असंन तं दुसरं द्या."

"मागा."

"तुमी लोकाईले संकल्प सोडाले लावता ना, हातात पानी घेऊन? तसा सोडा. जेवल्यावर गाडी चालवनार नाई. माह्या कठड्याले पुन्हा तरास देऊ नका."

संघपालनं पाण्याची कॅन उघडली. मी तळहात पुढे केला. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या हातावर पाणी घालत आलो, माझ्या हातावर कुणी घातलं नव्हतं. देशकाल उच्चारला, गोत्र उच्चारलं, काही गाळलं नाही, सगळं म्हटलं. आणि रहमतुल्ला मिस्त्रींच्या साक्षीनं, मूर्तिजापूरच्या पुढच्या पुलावर, पाणी सोडलं. तापलेल्या सिमेंटावर ते क्षणात वाळलं. अदितीनं हात पुढे केला, मी खिशातून गाडीची दुसरी किल्ली काढून तिला दिली. ती तिनं पर्समध्ये टाकली. मग म्हणाली, "जुईलीला शाळेतून तुम्हीच आणा, बाबा. पायी."

वाकलेला खांब काढून रहमतुल्लांनी पुढच्या आठवड्यात नवा बसवला. आम्ही मुद्दाम गेलो. फुंकणं, घासणं, पुन्हा फुंकणं, सगळं जुईलीनं मोजलं, आणि शेवटी चारही नटांवर रेघ तिनं मारली, तिच्या स्वतःच्या शिशीतल्या जांभळ्या रंगाची. एक जरा वाकडी झाली. मिस्त्री म्हणाले चालते, वाकडी असली तरी तुटल्यावर दिसतेच.

आता अकोल्याकडची कामं मी एसटीनं करतो. पूजा लांबते म्हणून यजमान कुरकुरतात. मी एकही नाव गाळत नाही. परतताना त्या पुलावर बस आली की डाव्या खिडकीतून तिसऱ्या खांबाला हात जोडतो. परवा शेजारच्या बाईंनी विचारलं, "काहो महाराज, इथं कोनता देव हाये?"

मी म्हटलं, "देव नाही बाई. इथं मी झोपलो होतो, आणि रहमतुल्ला मिस्त्रीनं माह्या नातीले धरून ठेवलं."